खवणेकर बाईंचा समुद्र

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खवणेकर बाईंच्या टाकीतले प्राणी मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. आठवड्याभरात टाकी मेली.

‘टाकी मेली’ हे शब्द बाईंचेच. पुढे काही वर्षांनी बाईही गेल्या. कॉलेजने शोकसभा घेतली. प्राचार्य म्हणाले, ‘‘बाई अत्यंत शांत, सोशिक आणि हसतमुख होत्या.’’ मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि मागच्या रांगेत बसलो होतो. खोटं बोलायचंच तर निदान त्यातून गेलेलं माणूस ओळखू येईल एवढी काळजी घ्यावी. मग बाईंच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवधर उठले. त्यांनी ‘बाईंच्या मासेप्रेमा’बद्दल दोन शब्द सांगितले. घरात समुद्राचं पाणी काय, जाड जाड काचा काय, आणि शेवटी पंपाची तार उघडी राहिली म्हणून सगळं बाईंच्याच हातून मेलं. ‘‘सायन्स शिकवणारी माणसंसुद्धा चुकतात हो!’’ सभेत हशा पिकला. शोकसभेत.

तारेची गोष्ट खोटी होती आणि मला ते ठाऊक होतं. मी उठलो नाही. पहिल्या रांगेत बाईंच्या आई बसल्या होत्या आणि ती गोष्ट खरी मानून मान हलवत होत्या. त्यांच्यासमोर बोलायचं नाही असं बाईंनीच मला बजावलं होतं. त्या दिवशी गिळलेला राग मी इतकी वर्षं बाळगून आहे. आता तो लिहायला हरकत नाही.

बाई शांत नव्हत्या. बाई रागीट होत्या. रागीट म्हणजे अधूनमधून चिडणाऱ्या नव्हेत. सकाळी उल्हासनगरच्या स्टेशनापासून कॉलेजपर्यंत पायी येताना वाटेत जे जे रागावण्यासारखं असे, त्या सगळ्यावर त्या रागावून येत, आणि तरी पहिल्या तासाला पुरेल एवढा राग शिल्लक असे. उंची बेताची. साडी सुती, पदर कमरेला खोचलेला, कोणत्याही क्षणी कोणाशी तरी भांडायला उतरायचं असल्यासारखा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊन भिंतीवरून परत येणारा. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर उगाच बसायची कोणाची छाती नव्हती.

त्यांचा राग मात्र मोकाट नव्हता. तो एकाच जागेवरून उठायचा. ‘‘विचारायला काय जातं?’’ हे त्यांचं वाक्य. न विचारता खिडकी उघडणारा, न विचारता बरणी हलवणारा, न विचारता दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल निर्णय घेणारा, सगळे त्यांच्या लेखी एकाच जातीचे गुन्हेगार.

एकदा संस्थेचे एक विश्वस्त पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आले. आपलं घर दाखवावं तसे फिरत होते. त्यांनी एका बरणीचं झाकण उघडलं, आतला फॉर्मॅलिनमध्ये जपलेला समुद्रघोडा दोन बोटांनी उचलला आणि पाहुण्यांच्या लहान मुलीच्या तळहातावर ठेवला. बाईंनी तो हळूच काढून घेतला, बरणीत ठेवला, झाकण लावलं, मुलीचे हात स्वतः साबणाने धुतले. मग वळल्या.

‘‘मी तुमच्या घरी येऊन तुमचं कपाट उघडलं तर चालेल?’’

‘‘अहो बाई, मी इथला ट्रस्टी आहे.’’

‘‘म्हणून तर विचारते. इतरांना मी विचारलं नसतं, बाहेर काढलं असतं.’’

आणि मग त्याच मुलीला खाली स्टुलावर बसवून समुद्रघोड्याची गोष्ट सांगत राहिल्या. विश्वस्त दाराशी उभे. जो विचारेल त्याला बाई कितीही वेळ सांगत. उल्हासनगरच्या बाजारातून दुकान सांभाळून येणारी सिंधी मुलं मराठी-हिंदीची खिचडी करून काहीही विचारत, आणि बाई तशाच खिचडीत उत्तर देत. या नियमाला एकच अपवाद होता. तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. बाईंच्याही नाही.

त्यांचे वडील मालवणजवळच्या एका गावात पोस्टमास्तर होते. बाई एम. एस्सी. झाल्या तेव्हा तिथल्या किनाऱ्यालगतच्या खडकांवरच्या प्रवाळावर संशोधन करायचं ठरलं होतं. त्याच साली वडील गेले. भाऊ शिकत होता. बाईंनी उल्हासनगरच्या कॉलेजात नोकरी धरली, अंबरनाथ पश्चिमेला तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली आणि आईला घेऊन आल्या. पुढे भाऊ नोकरीला लागला, बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्याने संसार थाटला. बहिणीचं राहिलेलं संशोधन कोणाला आठवलं नाही. बाईंना हे कोणी विचारलं तर त्या एका वाक्यात उडवून लावत, ‘‘समुद्र तिकडेच राहिला, दुसरं काय!’’ आणि त्या वाक्यानंतर दिवसभर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी ग्रंथालयाला भेट आलेल्या पुस्तकांत एक परदेशी पुस्तक निघालं. त्यात घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं चित्र होतं. आपल्याकडे तेव्हा माशांच्या टाक्या म्हणजे लोखंडी चौकट, वर पट्टी, त्यावर झाकण आणि आत लाल-पिवळे मासे. या टाकीला वर काहीच नव्हतं. चारी बाजूंना काच, काचेच्या काठाशी आलेलं पाणी, आणि आत मासे नव्हते, खडक होते, खडकांवर प्रवाळ. मी ते पान बाईंना दाखवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या.

‘‘बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘समुद्राला पट्टी असते का?’’

तेवढ्यावर न थांबता त्यांनी मला कारणंही सांगितली. मी विचारलं नव्हतं, पण विचारलं असं त्यांनी धरलं. वरून उघडी असली की पंख्याचा वारा थेट पाण्यावर लागतो, उन्हाळ्यात पाणी थंड राहतं. उजेडाला काही आडवं येत नाही. आणि खाली बसून पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग आतून दिसतो. हे तिसरं कारण खरं होतं, पहिली दोन मला पटवण्यासाठी होती.

काच उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारातून घेतली. दुकानदार लछमनदास. पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. बाईंनी कागदावर आकृती काढून दिली तेव्हा मी बरोबर होतो.

‘‘मॅडम, फ्रेम किधर है?’’

‘‘फ्रेम नाही.’’

‘‘पानी का जोर होता है, मॅडम. ऊपर पट्टी नहीं होगी तो काच का पेट बाहर आएगा.’’ त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं.

‘‘म्हणून तर बारा एमएमची काच मागते आहे.’’

‘‘उल्हासनगर में सब बनता है. जपान का पंखा बनता है, अमरीका का शर्ट बनता है. समंदर नहीं बनता.’’

‘‘ते काम माझं. तुम्ही काच कापा.’’

बाईंनी सांधे स्वतः जोडले. सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. खवणेकर बाईंनी घरात लोणच्याचा कारखाना काढला अशी तक्रार सोसायटीत झाली. देवधर एका कारखान्यात पर्चेस ऑफिसर होते, सोसायटीही ते खरेदी केल्यासारखी चालवत. ते चौकशीला आले आणि ऐकून गेले. टाकी पहिल्यांदा भरून पाहिली ती अंगणात, नळाच्या पाण्याने. तीन चतुर्थांश भरली आणि समोरची काच फुटली. पाण्याचा लोंढा देवधरांच्या स्कूटरखालून गटारापर्यंत गेला.

‘‘बाई, हे चाललंय काय?’’ देवधर वरच्या गॅलरीतून.

‘‘चाचणी. म्हणूनच अंगणात केली. तुमच्या डोक्यावर नाही केली.’’

बाईंनी फुटका तुकडा उचलला, प्रयोगशाळेतल्या मोजपट्टीने जाडी मोजली. काच बारा नव्हती, दहा होती. दुसऱ्या दिवशी तुकडे गोणपाटात बांधून रिक्षाने त्या लछमनदासच्या दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकांसमोर गोणपाट काउंटरवर ठेवलं.

‘‘ये क्या है?’’

‘‘तुमचे बारा एमएम.’’

‘‘अरे मॅडम, दो एमएम से क्या होता है!’’

‘‘दोन एमएमने काच माझ्या आईच्या पायावर आली असती. ती त्या बाजूला पाट टाकून बसली होती.’’

लछमनदासने गोणपाट आपल्याकडे ओढून घेतलं.  त्याने आत जाऊन नवी काच काढली, बाईंसमोर मोजली, स्वतः कापली आणि स्वतः टेम्पोत बसून अंबरनाथला आणली. पुढच्या खोलीत बाईंनी गवंड्याकडून सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता. टाकी त्यावर उभी राहिली ती राहिलीच.

पाणी मालवणकडून येई. तिकडून कल्याणच्या बाजारात मासळीचे ट्रक येत. बाईंचा एक चुलतभाऊ होडीतून आत जाऊन स्वच्छ पाण्याने प्लास्टिकचे नवे कॅन भरून ड्रायव्हरच्या हवाली करी. खडकही तसेच आले, ओल्या गोणपाटात. त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढे, फुलासारखे उमलणारे हिरवट प्राणी होते. समुद्रपुष्पं होती, हात लावला की मिटणारी. आणि सगळ्यांत मोलाचा, मुठीएवढा एक प्रवाळाचा गड्डा. तो जगेल असं कोणालाच वाटत नव्हतं. बाईंबरोबर शिकलेले एक गृहस्थ तेव्हा विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी सांगितलं होतं, ‘‘थोडे दिवस तग धरेल. घरात प्रवाळ वाढत नसतं, कमल.’’ हे वाक्य बाई दात खाऊन मला पुन्हा पुन्हा ऐकवत.

लोक बघायला येऊ लागले. ‘‘मासे कुठायत?’’ असं विचारत. मासे नाहीत म्हटल्यावर हिरमुसून जात. काचेवर टिचक्या मारत. देवधरांनी ओल येते म्हणून नोटीस दिली, ओल वरच्या मजल्यावरच्या नळाची निघाली, नोटीस काही मागे घेतली नाही. मोरिवलीच्या बाजूने वारा आला की कारखान्यांचा वास घरात शिरे. बाई खिडक्या लावून घेत आणि हवेच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळत. एकटा लछमनदास महिन्या-दोन महिन्यांनी येई, चपला बाहेर काढी, हात पाठीमागे बांधून ओट्यासमोर उभा राही. एकदा म्हणाला, ‘‘छोटा था तब कराची से जहाज में आया. मां बोलती थी, नीचे मत देख, गिर जाएगा. तब से समंदर देखा नहीं.’’ मग बाईंना म्हणाला, ‘‘बैठ के देखूं?’’ बाईंनी स्वतःचा पाट सरकवून दिला. बाईंच्या घरात विचारून बसलेला तो पहिला माणूस असावा.

शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी आणि वीज बंद. पंप थांबला की टाकीतलं पाणी थांबतं, आणि थांबलेल्या पाण्यात ते प्राणी गुदमरतात. बाई कॉलेजात असत. म्हणून दर शुक्रवारी आई पाटावर बसून प्लास्टिकच्या मगाने पाणी वर घेत आणि धार धरून परत सोडत. वीज येईपर्यंत. नऊवारीचा काठ भिजलेला, तोंडाने मालवणीत काहीतरी पुटपुटणं चालू. मी एकदा विचारलं, काय म्हणता? ‘‘दर्याशी बोलतंय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इतक्या लांब आणलो, कंटाळतलो नाय तो?’’

देवधरांची टाकी असती तर ती या म्हाताऱ्या आईंच्या हातांवर जगली आहे हे त्यांनी कधी ओळखलंही नसतं. खवणेकर बाई ओळखून होत्या. पण आईशी बोलताना त्यांना सबुरी नव्हती. दिवसभर सगळ्या जगाला समजावून सांगून घरी येत, आणि आईने काही विचारलं की, ‘‘तुला काय करायचंय?’’

एका उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटून खाली गेलं. आटलेलं भरून काढायला बाई प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी काचेच्या बाटल्यांतून आणत, त्या दिवशी बाटल्या संपल्या होत्या. आईंनी स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यातून लोटी भरून आणली. घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी त्यांच्या मते ते. त्या ओतणार एवढ्यात बाई अशा ओरडल्या की लोटी आईंच्या हातून पडली.

‘‘हंड्यातलं पाणी टाकीत घालायचं नाही! कधीच नाही!’’

‘‘कित्याक गो?’’

‘‘विचारू नकोस. नाही म्हणजे नाही.’’

मी तिथे चहा पीत होतो. आईंनी फरशी पुसली. मला बाईंनी बाहेर फाटकापर्यंत पोचवताना सविस्तर सांगितलं की तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर हे प्राणी मरतात, अगदी कणभरही पुरतो. मला सांगितलं. आईंना नाही. आणि आईंनी त्यानंतर हंड्याचं पाणी टाकीच्या जवळपासही नेलं नाही.

नव्वद साल उलटून गेलं आणि एके दिवशी बाई ग्रंथालयात आल्या. पुस्तकं परत करायला नाही, नुसत्याच. माझ्या टेबलासमोर उभं राहून हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘वाढतोय तो.’’ काचेवर लिहायच्या पेन्सिलीने त्यांनी टाकीवर गड्ड्याची कड आखून ठेवली होती. गड्डा त्या रेघेच्या बाहेर गेला होता. कडेला पांढुरकी, नवी, नखाएवढी पट्टी आली होती. मी जाऊन पाहिली. इतक्या वर्षांत बाईंच्या चेहऱ्यावर राग नसलेला मी तेव्हाच पाहिला, आणि त्यामुळे त्यांचा चेहरा मला क्षणभर ओळखीचा वाटेना. विद्यापीठातल्या त्या प्राध्यापकांना त्यांनी कळवलं. दिवाळीनंतर येऊन बघतो असं त्यांचं उत्तर आलं. गड्डा दिवाळीपर्यंत जगला की राहिलेलं संशोधन घरबसल्या सुरू होणार होतं. बाईंना आयुष्यात एवढंच हवं होतं.

मधे नारळी पौर्णिमा आली. त्याच दिवशी राखी. बाई भावाकडे हेंद्रेपाड्याला गेल्या. आई घरी थांबल्या, टाकीपाशी कोणीतरी हवं म्हणून. एवढी वर्षं टाकीला नावं ठेवणाऱ्या सोसायटीतल्या बायकांना त्या वर्षी भक्ती सुचली. घरात समुद्र आहे तर पूजा इथेच करू, म्हणून नारळ, हळदकुंकू घेऊन सगळ्या आल्या. आईंनी त्यांना ओट्याला हात लावू दिला नाही. ‘‘आत काय घालू नको, माझा चेडू माका खायत,’’ असं लेकीच्या रागाचं नाव सांगून नारळ जमिनीवर ठेवायला लावला, आरती दुरून करायला लावली.

दुसऱ्या सकाळी सगळं मिटलेलं. बाईंनी खारटपणा पाहिला, उष्णता पाहिली, पंप खोलून पाहिला. पाणी बदललं. कारखान्यांकडचा वारा म्हणून खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. हिरवे प्राणी गळून पडू लागले. समुद्रपुष्पं पिशवीसारखी लोंबली. शेवटी गड्ड्याचं मांस सुटलं आणि खाली पांढरं हाड दिसू लागलं. पेन्सिलीच्या रेघेबाहेरची ती नवी पट्टी आधी गेली.

‘‘आई, टाकीत कोणी काय घातलं?’’

‘‘कोणी कायएक घालूक नाय गो. मी बसलेलंय ना हयसर.’’

आईंच्या शब्दावर बाईंचा विश्वास होता. मग आई झोपल्यावर कोणीतरी खिडकीतून काही ओतलं, असा त्यांनी अर्थ काढला. अंगणात जाऊन देवधरांना खाली बोलावलं.

‘‘फिनेल ओतलंत का माझ्या टाकीत?’’

‘‘बाई, तोंड सांभाळा!’’

‘‘तुम्ही हात सांभाळायचे होते!’’

सगळी इमारत गॅलरीत. देवधरांनी काही ओतलं नव्हतं. त्यांच्यावर मी कितीही रागावलेलो असलो तरी हे लिहिलं पाहिजे.

टाकी रिकामी करायच्या दिवशी मी मदतीला गेलो. पाणी काढून झालं. बाई कोपरापर्यंत हात घालून तळातली वाळू उपसत होत्या. त्या एकदम थांबल्या. हात बाहेर काढला, मूठ मिटलेली. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत आई विळीवर खोबरं खवत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग बाईंनी माझ्यासमोर मूठ उघडली. तांब्याचे जुने पैसे होते, हिरवट कळा आलेले. त्यांच्या देव्हाऱ्यात एका वाटीत असत, मीही ते पाहिलेले होते.

बाई आता इमारत डोक्यावर घेतील म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. त्या वाळूशेजारी जमिनीवर बसल्या.

‘‘मी तिला हंडा म्हटलं होतं, ग्रंथपाल,’’ त्या अगदी हळू बोलल्या. ‘‘तांबं म्हटलं नव्हतं. तिने विचारलं होतं. मीच सांगितलं नाही.’’

आणि मग मान वर करून स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, ‘‘सापडलं बरं का! पंपाची तार उघडी पडली होती. विजेची तार. माझीच चूक!’’

आई हात पुसत दारात आल्या. ‘‘मेली ती तार!’’

‘‘हो. मेली ती.’’ मूठ पदराआड गेली होती. आई आत वळल्यावर मला म्हणाल्या, ‘‘हे कोणाला सांगायचं नाही. तिच्या कानावर येईल असं तर कुठेच नाही.’’ त्यांच्या नेहमीच्या आवाजातली ती शेवटची आज्ञा. ते पैसे त्यांनी कॉलेजच्या वाटेवर, कारखान्यांच्या सांडपाण्याने काळ्या पडलेल्या वालधुनी नदीत टाकले. तिथे मरण्यासारखं काही शिल्लक नव्हतंच.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की देवधरांवर मी खोटा आळ घेतला, चूक माझी होती, तार उघडी राहिली. देवधरांनी ते सरळ घ्यायचं की नाही? ते म्हणाले, ‘‘बाई, एवढं सायन्स शिकवता आणि साधी तार गुंडाळता येत नाही?’’ बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुष उघड हसले. कोणी म्हणालं, समुद्र कोपला, त्याला घरात कोंडतात का? बाई ऐकत उभ्या होत्या. एका वाक्यात त्या सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. ते वाक्य त्यांच्याजवळ होतं. त्या बसल्या.

काचा न्यायला लछमनदास आला. सुरीने सांधे कापता कापता पंपाकडे पाहत म्हणाला, ‘‘मॅडम, तार तो रबर में थी. मैंने खुद देखी थी.’’

‘‘साईं, काच घेऊन जा.’’

त्याने एकदा आईंकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग काचा गोणपाटात बांधू लागला.

प्राध्यापकांना बाईंनी येऊ नका म्हणून कळवलं. पुन्हा टाकी केली नाही. वर्गात आवाज चढेनासा झाला. स्टाफरूममध्ये लोक म्हणू लागले, बाई निवळल्या, सुधारल्या. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर मुलं निवांत बसू लागली. माझा संताप व्हायचा. माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझतं आणि आजूबाजूचे त्याला स्वभाव सुधारला म्हणतात.

काही वर्षांनी त्यांना आजार निघाला तेव्हा तो खूप पुढे गेलेला होता. मी शेवटचा गेलो तो शुक्रवार होता. वीज नव्हती. बाई पुढच्या खोलीत, रिकाम्या ओट्यालगतच्या खाटेवर पडलेल्या. आई उशाशी बसून विंझणवारा घालत होत्या. मला बघून आईंनी जुनीच तक्रार काढली.

‘‘तुम्हीच सांगा. दर्याचा इतका पाणी आणलंव, त्याका काय देवक नको? त्या वर्साक हिचो तो मास्तर येवचो होतो. हिचा काम होवंदे म्हणून मी दर्याक त्याचो मान दिलंय. देवातले पैसे चिंचेन घासून लखलखीत केलंय आणि हळूच सोडलंय. तरी त्या तारेन घात केल्यान.’’

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. आईचा पंखा धरलेला हात त्यांनी चाचपून धरला.

‘‘हो आई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तारेनंच.’’

बाईंच्या मागे भावाने आईंना हेंद्रेपाड्याला नेलं. तिथे त्या खूप जगल्या. मी गेलो की दर वेळी तारेला शिव्या घालत आणि मी हो म्हणत असे. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. लछमनदास त्याआधीच गेला. देवधर आहेत, आणि ती तारेची गोष्ट अजून सांगतात. बाईंची चूक नव्हती हे माहीत असलेला आता मी एकटा आहे.